शंभरातले पंधरा

अण्णा कुणालाही नावानं हाक मारत नसत. नाव काय, कुणीही काहीही सांगतं, असं त्यांचं म्हणणं. माणूस कुठला आहे हे मात्र त्याच्या बोलण्यावरून कळतं, तिथं फसवायला जागा कमी. म्हणून आमचा माळी 'मागडी', टायपिस्ट 'कोलार' आणि मी 'बेळगाव'. खरं तर माझं गाव बेळगावपासून चांगलं चाळीस मैल लांब, नदीकाठचं. पण ते अण्णांनी पाहिलेलं नव्हतं, आणि न पाहिलेल्या गावावर त्यांचा भरवसा नव्हता. बेळगाव स्टेशन त्यांनी एकदा गाडीच्या खिडकीतून पाहिलं होतं, तेवढं त्यांना पुरलं.

ते स्वतः बंगळूरचे, पिढ्यान्‌पिढ्यांचे मराठी. घरात मराठी, दारात कन्नड, आणि बोलताना दोन्हींची मिसळ. मी एकदा विचारलं, "अण्णा, तुमचे पूर्वज इकडं कधी आले?"

"तीनशे वर्षं झाली म्हणतात."

"म्हणतात म्हणजे?"

"म्हणजे म्हणतात. मी कुठं बघायला होतो?"

स्वतःच्या खापरपणजोबांवर संशय घेणारा माणूस मी तरी दुसरा पाहिला नाही.

राज्यांची नवी मांडणी झाली, आमचा जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, आणि पुण्याकडं तोंड करून बसलेली माझ्यासारखी बी.एस्सी. झालेली मुलगी बंगळूरला आली. मल्लेश्वरमच्या पुढं, गाव संपून नाचणीची शेतं लागायची तिथं एक कौलारू इमारत होती. तिथं बियाणं तपासायचं काम चाले. माझी जागा तात्पुरती, दर सहा महिन्यांनी पुढं ढकलली जाणारी. अण्णा त्या इमारतीत पंचवीसएक वर्षं होते. हुद्दा मोठा नव्हता, पण चाव्या सगळ्या त्यांच्या कमरेला.

पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्यासमोर चमचाभर पाणी धरलं. "चाख."

मी चाखलं. "खारट आहे."

"खारट हे उत्तर नव्हे. किती खारट? काल रात्री जेवलीस त्या सारापेक्षा जास्त की कमी?"

मी ज्यांच्या घरी खोली घेऊन राहत होते त्या अक्कांचा हात मिठाला जरा सढळ होता. मी म्हटलं, "सारापेक्षा कमी."

"कुठलं सार? कुणी केलेलं?" आणि त्यांनी ते खरोखर वहीत लिहून घेतलं. पुढं महिनाभर रोज सकाळी ही चाखणी. मोजायला उपकरण होतं, नव्हतं असं नाही. पण उपकरण बाहेरून आलेलं, पेटी उघडताना अण्णा हजर नव्हते. त्यामुळं उपकरणाचा आकडा एका रकान्यात आणि अण्णांच्या जिभेचा शेजारच्या रकान्यात. दोन्ही जुळले तरच काम सुरू. नाही जुळले तर, खरं सांगते, ते उपकरणच परत पाठवायला निघत.

नळाचं पाणीही त्यांना चालत नसे. घरच्या विहिरीचं पाणी तांब्याच्या कळशीत घेऊन ते बसनं यायचे. कळशीच्या तोंडाला फडकं, फडक्याला गाठ, आणि गाठीची ठेवण त्यांना पाठ. कंडक्टरनं एकदा कळशीला हात लावला तर दोन स्टॉप आधी उतरून पाणी ओतून टाकलं आणि परत घरी गेले. त्या दिवशी त्यांची अर्धी रजा लागली.

कुणी काहीही सांगितलं की त्यांचा ठरलेला प्रश्न, "यारु हेळिदरु?" म्हणजे, कुणी सांगितलं? बाहेर पाऊस पडतोय म्हटलं तरी तेच. आणि आपण आपलं म्हणणं कितीही पटवून दिलं, तरी शेवटी "नोडोण". बघू. 'सरी', म्हणजे बरं, ठीक, हा शब्द बंगळूरात पोरापासून थोरापर्यंत सगळे दिवसातून शंभरदा बोलतात. अण्णांच्या तोंडून मी तो कधी ऐकला नाही.

आता त्यांचं काम काय होतं ते सांगते, नाहीतर वाटेल नुसताच विक्षिप्त म्हातारा होता.

खारवट जमिनीत बी रुजत नाही. रुजलं तर उशिरा, तेही निम्मं. जमिनीत पाणी असतं, पण मिठामुळं ते दाण्याला ओढता येत नाही. समोर ताट असून जेवता न येण्यातला प्रकार. अण्णांचं म्हणणं असं, की दाण्याला पेरायच्या आधीच एकदा पाणी पाजावं. रात्रभर भिजत घालायचा, आत जागा होऊ द्यायचा, पण मोड फुटायच्या आत बाहेर काढून सावलीत सुकवायचा, पहिल्या वजनावर येईपर्यंत. "उठवायचं आणि परत निजवायचं," ते म्हणत. "एकदा उठलेला माणूस दुसऱ्यांदा हाक मारली की लवकर उठतो." असा दाणा खारवट मातीत पेरला तर आधी उगवतो आणि जास्त उगवतो. कुणी म्हणे साध्या पाण्यात भिजवा, कुणी म्हणे पाण्यात चिमूटभर क्षार टाका. अण्णा दोन्ही करून बघत होते, जोंधळ्यावर, वर्षानुवर्षं.

ऐकायला सोपं आहे. पण तास-दोन तास जास्त भिजला की मोड फुटतो, आणि मोड आलेला दाणा सुकवला की मेला. उन्हात सुकवला तरी मेला. म्हणून रोज दुपारी दोन ते तीन अण्णा आतल्या खोलीत दार लावून बसत. कुणाला आत यायची परवानगी नव्हती. विजेच्या पंख्याचा वारा 'कुठून येतो त्याचा पत्ता नाही' म्हणून हातात ताडाचा पंखा. बाहेर आम्हाला त्याची फडफड ऐकू यायची आणि मधूनच तराजूची वजनं वाजायची.

मला या सगळ्याची ओढ का लागली, तेही सांगायला हवं. नदीकाठी आमचा एक तुकडा होता. उसाला पाणी पाजून पाजून तो पांढरा पडला होता. उन्हाळ्यात त्यावर चालताना पायाखाली पापड मोडल्यासारखा आवाज यायचा. अप्पा, म्हणजे माझे वडील, दर वर्षी त्यात जोंधळा टाकायचे आणि दर वर्षी 'यंदा जरा बरा आहे' म्हणायचे. बरा-बिरा काही नसायचा. टकलावरच्या केसांइतकाच तो उगवायचा. अण्णांची युक्ती खरी ठरावी असं त्या इमारतीत अण्णांच्या खालोखाल कुणाला वाटत असेल तर मला.

आणि तिथंच घोळ झाला. कारण अण्णांचीच शिकवण होती, "जे खरं असावं असं आपल्याला वाटतं, त्यावर आधी संशय घ्यावा. बाकीच्यांवर मग."

संशय घ्यायची त्यांची रीत कशी होती, ते ऐका. उगवण बघायला आम्ही दाणे दहा ओळींत दहा असे मांडायचो, ओल्या टीपकागदावर नाहीतर मातीच्या ट्रेमध्ये. ठरलेल्या दिवशी किती उगवले ते मोजून सांगायचं. अण्णा आम्हाला मोजून दिलेल्या शंभरात आपल्या हातानं काही मेलेले दाणे मिसळत. ओव्हनमध्ये तापवून मारलेले, दिसायला अगदी जिवंतांसारखे. त्यांना ते 'मयत' म्हणत. कुठल्या ओळीत कितवा मयत हे फक्त त्यांच्या खिशातल्या वहीत. मोजणाऱ्यानं आळसानं, अंदाजानं नाहीतर साहेबाला खूश करायला आकडा फुगवला, की सापडलाच. कोलारला असाच पकडला. हंगामी मोजणी करायला दिली होती, पठ्ठ्यानं चहाच्या वेळेत उरकून 'ब्याण्णव' लिहिलं. अण्णांनी वही काढली. "पंधरा मयत घातले होते, कोलार. त्यातले सात जिवंत झाले. तू देव आहेस का?" त्या दिवसापासून कोलार पुन्हा टाइपरायटरवर बसला.

मी कधी सापडले नाही. तीन वर्षांत एकदाही नाही. पण म्हणून काही शाबासकी मिळाली असं समजू नका. प्रत्येक वेळी वही काढून ताडून बघायचे, आणि "नोडोण" म्हणून वही परत खिशात.

हळूहळू माझ्याही अंगात ते भिनलं. अक्कांनी दूध घातलं की मी पेला उजेडात धरून बघायला लागले. बाजारात आठव्या क्रॉसच्या, म्हणजे आठव्या आडरस्त्याच्या, कोपऱ्यावर भाजी घेताना खालची भाजी वर काढायला लावायची. आईचं पत्र आलं, 'सगळं ठीक आहे', की मनात पहिलं यायचं, कुणी सांगितलं? असल्या माणसाजवळ तीन वर्षं बसलं की दुसरं काय होणार.

त्यातच एका दुपारी आतल्या खोलीचं दार उघडं राहिलं. अण्णा हात धुवायला गेले होते. टेबलावर एक पाकीट, त्यातून काही दाणे बाहेर सांडलेले. मी उचलायला वाकले, आणि बघते तर दाण्यांच्या टोकाला पांढरे मोड. बारीक, पण मोडच. पाकिटावर आदल्या दिवशीची तारीख, बाकी अजून काही लिहिलेलं नव्हतं.

अहो, मोड आलेले दाणे मातीत लावले तर ते उगवणारच की. मग भिजवलेल्या ट्रेमध्ये दर वेळी शहात्तर, अठ्ठ्याहत्तर उगवतात आणि कोऱ्या, म्हणजे न भिजवलेल्या दाण्यांच्या ट्रेमध्ये पन्नासच, याचं कौतुक कसलं? दार लावून हे असं चालतं होय? मी दाणे पाकिटात भरले आणि जागेवर येऊन बसले. कुणाला बोलले नाही. विचारायचं होतं, सरळ त्यांनाच. पण विचारलं तर ते खरं सांगतील हे कशावरून?

दोन-तीन आठवड्यांत वरून पत्र आलं. अण्णांच्या रिपोर्टांवर विचार करायला तीन साहेबांची समिती येणार. समोरासमोर दोन ट्रे बघणार, एक भिजवून सुकवलेल्या दाण्यांचा, एक कोऱ्यांचा, दोन्ही खारवट मातीत. पटलं तर ही रीत खात्याच्या पत्रकात छापून गावोगाव जाणार. अण्णांना निवृत्त व्हायला पाच महिने राहिले होते. म्हणजे आत्ता नाही तर कधीच नाही, हे सगळ्यांना कळत होतं.

पेरणीच्या सकाळी अण्णांनी मला आत बोलावलं, दोन पाकिटं माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "बेळगाव, तू लाव. मी येत नाही."

"मयत कुठं कुठं घातलेत?" मी नेहमीच्या थट्टेनं विचारलं.

"या वेळी मयत नाहीत. शंभरचे शंभर खरे. तू आहेस, तर कशाला?"

दुसरं कुणी असतं तर डोळ्यांत पाणी आलं असतं. पंचवीस वर्षांत त्या माणसानं असं कुणाला म्हटलं नव्हतं. आणि मला काय वाटलं? मला वाटलं, यात काहीतरी आहे. जो माणूस स्वतःच्या खापरपणजोबावर विश्वास ठेवत नाही, तो आजच माझ्यावर का ठेवतोय? मयत नसले तर आकडा कुणी ताडून बघणार नाही, म्हणून तर नव्हे? मोजणार तर तेच होते, रोज सकाळी, एकटे.

ओव्हनशेजारच्या डबीत मयत होते. दिलेल्या पाकिटात मोडाचा एकही दाणा नव्हता, पण मागून ट्रेमध्ये खोचता येतोच की. मी भिजवलेल्या पाकिटातले पंधरा दाणे काढले आणि पंधरा मयत घातले. चिमट्यानं एकेक लावला, कुठल्या ओळीत कितवा ते चिठ्ठीवर लिहून चिठ्ठी ब्लाउजमध्ये खोवली. समिती बाराव्या दिवशी यायची होती. दहाव्या दिवशी अण्णा आकडा लिहिणार, तो मी माझ्या चिठ्ठीशी ताडणार. माझे मयत त्यांनी जिवंत केले असतील तर चोर सापडला. नसतील तर त्यांचे पाय धरून सगळं सांगायचं आणि आकडा दुरुस्त करायचा. माझा बेत हा असा होता. बेताला काय, घरबसल्या सगळेच पक्के असतात.

समिती आठव्या दिवशी आली. साहेबांना म्हणे पुढं मद्रासला जायचं होतं.

तिघं साहेब, अण्णा, मी आणि दाराशी मागडी. दोन ट्रे टेबलावर. मोठ्या साहेबांनी कोरा ट्रे मोजायला लावला, एकावन्न. मग म्हणाले, "तुमचा आता तुम्हीच मोजा, मोठ्यानं."

अण्णांनी बोटानं ओळ धरून मोजलं. पहिल्या चार ओळी झाल्या तसा त्यांचा आवाज बारीक झाला. मला ठाऊक होतं का. ओळीत भोकं पडलेली होती आणि ती भोकं कुठं आहेत हे माझ्या चिठ्ठीवर होतं. शेवटी ते म्हणाले, "बासष्ट." परत पहिल्यापासून मोजलं. बासष्टच.

मोठे साहेब वाकले. माणूस वाईट नव्हता. कडेला दोन ठिकाणी माती नुसती उचलली गेली होती. "हे दोन येताहेत की. धरू या चौसष्ट."

"माती फोडलेली नाही," अण्णा म्हणाले. "धरायचे नाहीत."

ते ऐकलं आणि मी आतून भाजून निघाले. साहेब स्वतःहून देत असलेले दोन कोंब जो माणूस घेत नाही, तो बंद दाराआड चोरी करील? आत्ता बोलायला हवं होतं. 'साहेब, यात पंधरा मेलेले आहेत, मी घातलेत.' एवढी दोन वाक्यं. पण माझी तात्पुरती जागा, समोर तीन साहेब, आणि सरकारी प्रयोगात ढवळाढवळ केलेली. भित्री होते मी, दुसरं काही नाही.

धाकट्या साहेबांनी जुना रिपोर्ट उघडला. "इथं तर शहात्तर, सत्त्याहत्तर लिहिलंय. दर वर्षी."

"होय."

"मग आमच्यासमोरच बासष्ट कसे?"

"कळत नाही," अण्णा म्हणाले. हे शब्द मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकले.

साहेब एकमेकांकडं बघून जरासे हसले. वाईट हसणं नव्हतं, समजूतदार होतं, म्हणून जास्त लागलं. आयुष्यभर ज्यानं दुसऱ्याच्या आकड्यावर विश्वास ठेवला नाही, त्याच्या पंचवीस वर्षांच्या वह्यांवर दहा मिनिटांत संशय घेऊन ते मोटारीत बसले. संध्याकाळी अण्णांनी दोन्ही ट्रे उचलले, मागच्या उकिरड्यावर नेऊन उपडे केले. न मोजता टाकलेले दाणे मी त्यांच्या हातून तेवढेच पाहिले. 'फरक नगण्य, पूर्वीचे आकडे विश्वसनीय वाटत नाहीत' असा शेरा पुढच्या आठवड्यात आला.

शेरा आला त्या दुपारी मी दार न ठोठावता आतल्या खोलीत गेले आणि सगळं सांगितलं. मोड आलेलं पाकीट, डबी, चिठ्ठी. चिठ्ठी टेबलावर ठेवली. मी रडत होते, ते ऐकत होते. मधे त्यांनी ड्रॉवर ओढून दाखवला. आत पाकिटंच पाकिटं, सगळ्यांवर तारखा, आणि प्रत्येकावर एकच शब्द, 'नापास'.

"जास्त भिजून मोड आलेले," ते म्हणाले. "निवडून बाजूला काढतो. पेरत नाही. विचारायचं होतंस."

"तुम्ही खरं सांगितलं असतं, हे कशावरून?"

अण्णा हसले. "हे बरोबर बोललीस."

मी म्हटलं, "आता वर कळवा. मी लिहून देते. नोकरी गेली तर जाऊ दे."

त्यांनी चिठ्ठी उचलून वाचली, घडी घातली, परत माझ्यापुढं सरकवली. "ही तू आज सकाळी लिहिली नाहीस कशावरून?"

"अण्णा."

"ट्रे उपडा केला. आता माती चाळून काय मिळणार? तू चांगली मुलगी आहेस. चांगली माणसंच असलं खोटं बोलतात, म्हाताऱ्याला वाईट वाटू नये म्हणून. आकडा माझ्या बाजूचा आहे, बेळगाव. माझ्या बाजूचा आकडा मी दुसऱ्याच्या तोंडचा कसा घेऊ? नोडोण."

मी किती विनवलं ते मलाच ठाऊक. शपथा घेतल्या, अप्पांची, देवाची. देवाचं नाव घेतल्यावर म्हणाले, "साक्षीदार हजर असला तर बोलव." ओरडले असते, हाकलून दिलं असतं तर बरं झालं असतं. चुकीबद्दल शिक्षा मिळाली की माणूस सुटतो. इथं माझी चूक खरी मानायलाच कुणी तयार नव्हतं. मी एकटीनंही वर अर्ज पाठवला. त्यावर मोठ्या साहेबांनी विचारलं, तुमच्या वरिष्ठांना हे मान्य आहे का? वरिष्ठांनी लिहिलं, 'पुरावा नाही.' झालं. माझी जागासुद्धा गेली नाही.

ते निवृत्त झाले त्या दिवशी हार नव्हता, भाषण नव्हतं. हाराची कल्पना मागडीची होती, पण अण्णांनी फुलं कुठली म्हणून विचारल्यावर ती तिथंच बारगळली. जाताना चाव्या टेबलावर ठेवल्या आणि एक पाकीट माझ्या हातात दिलं.

"भिजवून सुकवलेले आहेत. शंभर. दसऱ्याला गावी जाशील तेव्हा अप्पांच्या त्या पांढऱ्या तुकड्यात लाव. दहाव्या दिवशी आकडा कळव. मल्लेश्वरमचा पत्ता ठाऊक आहे."

मी लावले. दहा ओळी, दहा दाणे, सुतळी ताणून. अप्पा बांधावर बसून बघत होते, लेक सरकारी नोकरीत राहून खुळी झाली की काय म्हणून. शेजारच्या पट्टीत त्यांनी आपले नेहमीचे दाणे लावले. रजा वाढवून मी थांबले. त्यांच्या पट्टीत दहाव्या दिवशी पस्तीसएक कोंब होते. माझ्या पट्टीत सत्तावन्न.

अप्पा खूश. मी मात्र मातीत बसले. सत्तावन्न. कुठं शहात्तर आणि कुठं हे. आमची जमीन ट्रेमधल्या मातीपेक्षा जास्त खारट असेल, वाटेत दाण्यांना दमट हवा लागली असेल, मनात नाही नाही ते येऊन गेलं. पण हा आकडा त्या माणसाला कसा कळवायचा? घरी बसून आकड्याचीच वाट बघत असणार.

"सत्तर लिही," अप्पा म्हणाले. "म्हातारं माणूस आहे. कोण बघायला येतंय इथं?"

आई म्हणाली, "पंच्याहत्तर लिही की. तुझ्यामुळंच झालं ना त्यांचं."

ते खरंच होतं. माझ्यामुळं झालं होतं, आणि भरून द्यायची हीच एक संधी होती. मी कार्ड पुढं घेतलं, सातचा आकडा काढायला हात उचललासुद्धा. मग वाटलं, नको. एकदा त्यांच्या आकड्यात मी हात घातला होता, तेवढं पुरे. लिहिलं, 'सत्तावन्न. माती फोडायच्या बेतात असलेला एक आहे, तो धरलेला नाही.' तालुक्याच्या पोस्टात जाऊन टाकलं आणि येताना रस्ताभर रडले.

फायलीचं काय झालं म्हणाल, तर काही झालं नाही. ती कधी उघडली नाही. पुढं असलंच काहीसं कुठं कुठं लोक करायला लागले, कुणी नव्यानं शोधलं म्हणून सांगायला लागले, आणि मी तोंड उघडलं की मला विचारायचे, कशावरून? अप्पांनी मात्र मरेपर्यंत तो तुकडा भिजवून सुकवलेल्या दाण्यांनीच पेरला. भरघोस येत होता असं नाही. येत होता.

अण्णांचं उत्तर बंगळूरला परतल्यावर अक्कांच्या घरी आलं. बंद पाकीट नव्हे, साधं पोस्टकार्ड, अक्षर वहीतल्यासारखं बारीक. सुरुवातीला 'बेळगाव' नव्हतं. माझं नाव होतं, पुरतं, अप्पांच्या नावासकट, आणि त्यापुढं 'हिस'. ते नाव त्यांनी कुठून घेतलं, कुणाकडून ताडून घेतलं, मला आजवर कळलेलं नाही. खाली चार ओळी होत्या.

'पाकिटात मयत वीस होते. म्हणजे ऐंशीतले सत्तावन्न, इतक्या खारट जमिनीत बरोबर आहे. तू दयेपोटी आकडा वाढवतेस की नाही एवढंच बघायचं होतं. तुझे पंधरा मान्य. सरी.'